पाड्यावरची पेटी

मतदानाच्या दिवशी मी चपलांचं दुकान मुद्दाम उघडं ठेवायचो. तीन निवडणुका झाल्या तरी दारातली गटार तुंबलेलीच होती. मत माझ्या हक्काचं आहे, देणार नाही, असं गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचो.

अशाच एका मतदानाच्या दिवशी एक बाई तुटकी चप्पल हातात धरून आली. निफाडला द्राक्षछाटणीच्या कामावर होती, मत द्यायला पेठकडे गावी निघाली होती. घासाघीस करताना सारखी घड्याळाकडे बघत होती. घाईतलं गिऱ्हाईक मी सहसा सोडत नाही.

"एका मतासाठी मुकादमाच्या शिव्या खायच्या?" मी डिवचलं.

"मागं आमी समदी कामावर व्हतो, मतं लय थोडी पडली. म्हनून आता पाड्यावरची मताची पेटी खालच्या गावात नेणार म्हनत्यात. माजी सासू डोंगर उतरून कशी जायाची, दादा?"

मी तिच्या भावात चपला दिल्या. ती जाताच शटर ओढून समोरच्या शाळेत रांगेला लागलो.

गटार अजून तुंबलेलीच आहे. तिच्या पाड्यावर पेटी राहिली का, हे मात्र पेठकडच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावंसं वाटतं. पण पाड्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.