गेट वेल सून!

मी आजवर काढलेल्या मोर्च्यांपैकी एकच यशस्वी झाला, आणि त्यात आम्ही काय मागत होतो हे साहेबांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

खरं तर मागणी सरळ होती. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. मार्च लागला की बायकांनी हंडे घेऊन तासभर उतरायचं आणि दीड तास चढायचं. विहीर मंजूर होती. कागदावर! (त्या कागदावरच्या विहिरीत उडी मारायची धमकी मी दोनदा दिली होती.) त्यात तुडील गावच्या एका मुलीचे वडील मला तोंडावर म्हणाले, "पोरगा बरा हाय, पन वाडीत पानी नाय. विहीर होऊंदे, मंग बोलू." मुलगी शाळेत इंग्रजी शिकवणारी, मला फार पसंत. म्हणजे माझं लग्न हा आता वैयक्तिक नसून सामाजिक प्रश्न झाला! मी तसं पत्रकच काढलं.

अखेर विहिरीचे साहेब जागा बघायला आले, आमच्याच उतारावरून घसरले आणि पाय मोडून महाडला घरी पडले. फाईलही सहीवाचून पडली, त्यांच्याच उशाशी.

"बिचारा! किती लागला आसंल रे," आई हळहळली. "पेज घेऊन बघून येऊ."

"आये, सहानुभूती नको! हक्क हवा!"

"मोडल्या पायाच्या मान्साला हक्क भरवशील काय?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मोर्चा थेट साहेबांच्या दारावर न्यायचा होता, आणि त्यांना इंग्रजीचं भारी कौतुक, तेव्हा फलक इंग्रजीतच हवा. मुंबईला इस्पितळात वॉर्डबॉय असलेल्या माझ्या चुलतभावाला, सुदेशला, फोन लावला. "साहेबांचा पाय मोडलाय, विहीर अडकलीय. एकदम जबरदस्त इंग्रजी पाठव!" त्याने ड्यूटीच्या गडबडीत तीन शब्द पाठवले: गेट वेल सून.

मी खुर्चीतून उठलोच! गेट म्हणजे मिळवणे. वेल म्हणजे विहीर (शाळेच्या पुस्तकात चित्रासकट होतं). सून म्हणजे लवकर. मागणी आहे, मुदत आहे, विशेषण एकही नाही! इतकी वर्षं पत्रकं लिहून मला हे जमलं नव्हतं.

इंग्रजीखाली वाडीसाठी देवनागरीतही लिहिलं. आईने बोट लावून वाचलं.

"वेल म्हंजे?"

"विहीर."

"आन् सून तर सूनच! विहीर आली की सून येल! किती खरा लिवलास रे!" तिने डोळ्यांना पदर लावला. बायकांना ते इतकं पटलं की बसायला दोन मिनिडोर रिक्षा कमी पडल्या.

महाडला साहेबांच्या खिडकीखाली मी मूठ उगारली. "गेट वेल!"

"सून! सून! सून!"

"साहेब, गेट वेल सून!"

"नायतर रस्ता रोको!"

दार उघडलं. कुबड्या सावरत साहेब बाहेर आले. डोळ्यांत पाणी! मला वाटलं, शरणागती.

"उभ्या नोकरीत दारावर मोर्चे खूप आले," ते म्हणाले. "पण तब्येतीसाठी मोर्चा? अहो, माझा सख्खा मेव्हणा फिरकला नाही! 'लवकर बरे व्हा' असं मुठी आवळून सांगणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली!"

लवकर... बरे... माझी मूठ वरच राहिली. खाली कशी घ्यावी कळेना. (शेवटी त्याच हाताने डोकं खाजवलं.) तेवढ्यात आईने पदराखालून डबा काढला. माझ्या मोर्च्यात तिने पेज चोरून आणली होती!

"खावा साहेब. अजून गरम हाय."

साहेबांनी उंबऱ्यावर बसून अर्धा डबा संपवला, फाईल मागवली आणि प्लॅस्टरवर ठेवून सही केली.

विहीर झाली. पाणी लागलं. लग्नही झालं, कारण त्या फलकाचा फोटो सगळ्या तालुक्यात फिरला आणि तुडीलची मुलगी वडिलांना म्हणाली म्हणे, "ह्या माणसाला माझी गरज आहे."

परवा मला ताप भरला. पांघरुणातून कण्हत म्हटलं, "जरा सहानुभूती दाखव की!" बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, उशाशी रिकामा हंडा आणून ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "गेट वेल सून! येताना भरून आण."

"सून माजी लय शिकल्याली हाय," आई आतून कौतुकाने बोलली.

ह्या अन्यायाविरुद्ध मी कडक पत्रक काढणार होतो. पण हल्ली माझी पत्रकं तपासते तीच!