डोळ्यातला ळ

दुपारची पेज पोटात आहे, चुलीजवळ चटई टाकली आहे. माझा डोळा लागतोय न लागतोय, तोच खिमलाल येऊन उंबऱ्यावर बसतो. त्याला खाडीकाठी जाळून आठवडा झालाय, हे मला झोपेतही ठाऊक आहे.

"आमा," तो म्हणतो.

नेपाळहून बागेच्या राखणीला आला, तेव्हाही पहिल्यांदा हेच म्हणाला होता. त्यांच्यात आमा म्हणजे आई. मला वाटलं, आंबा मागतोय.

"आंबा नाही रे," मी आत्ताही म्हणते. तो हसतो. ओठ निळे आहेत.

"माझी तुलसा आली?"

"आली. शेटच्या पडवीत बसलीय. उन्हं उतरली की मला बोलावतील."

"काय सांगशील तिला?"

मी चुलीकडे बघते. विसूशेट सकाळीच दारात उभे राहून बोलून गेलेत. "आनशे, बहादूरला अक्षर ठाऊक नव्हतं. दारू समजून फवारणीचं औषध प्याला. एवढंच सांग त्याच्या बायकोला, बाकीकडे डोळेझाक कर. ही खोपी माझ्या जागेत आहे, विसरू नको." राखणीला येईल तो नेपाळी त्यांच्यासाठी बहादूरच.

खोपीला भिंती नाहीत. आम्ही दोघं कलमाच्या उंच फांदीवर बसलो आहोत. सगळीकडे मोहोर आहे, पण वास औषधाचा. औषधाचा डबा खिमलालच्या मांडीवर आहे. असल्याच डब्यांवरून मी म्हातारपणी अक्षरं शिकले. नेपाळची आणि आपली अक्षरं एकच. त्याला वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. मला अर्थ कळायचा, वाचता यायचं नाही. तो बोट ठेवून मोठ्याने वाचायचा, मी सांगायची. दोघं मिळून एक शहाणं माणूस.

एकाच अक्षरापाशी तो अडायचा. त्यांच्यात ळ नाही. दोन वेटोळी, म्हणून ळला तो चश्मा म्हणायचा. त्यामुळे माझाही ळ राहून गेला. पहिलं वेटोळं काढलं की हात थांबतो.

"वाच," मी म्हणते.

"फवारताना डो-चश्मे व तोंड झाका."

"डोळे, बाबा. डोळे."

"कोणाचे?"

खाली विसूशेट उभे आहेत, त्या दिवशी होते तसेच. मी बुंध्याशी वाळक्या पानांचा पातेरा गोळा करते आहे आणि वर फांदीवरही आहे. खिमलाल डबा उंच धरतो. "शेट, तोंडाला, डोळ्याला काहीतरी द्या. इथे लिहिलंय."

"तू रे कधीपासून मराठीचा मास्तर झालास? वारा पडलाय तोवर उरक."

वारा पडलेला नाही. नळीतून पांढरं धुकं सुटतं, पानांवरून मागे फिरतं आणि त्याच्या तोंडावर बसतं. मी हाक मारते, पण माझ्या तोंडात पातेरा आहे.

धुकं आता खाडीवर आहे. चिता विझली आहे आणि तो तिच्याशेजारी उकिडवा बसून राखेत काही शोधतोय.

"आमा, माझं लग्न ठरलं ना, तेव्हा तुलसानं एकच विचारलं होतं. पोरगा वाचतो का? तिच्या गावात मी वाचणारा जावई."

"मग?"

"आता तिला सांगणार, बहादूर मेला, त्याला अक्षर येत नव्हतं. ती काय समजेल?"

पाणी चढतंय. माझे पाय भिजले आहेत.

"ती समजेल, मेला तो दुसराच कोणी," तो म्हणतो. "तोंड तर तिनं बघितलंच नाही. घरी जाईल आणि वाट बघत बसेल."

"आणि मी ह्या वयात कुठे जाऊ रे? छप्पर कोण देईल?"

तो राखेतून कोळसा उचलून माझ्या बोटांत देतो. "चश्मा काढ."

"येत नाही मला."

"एक डोळा काढलास. दुसरा?"

तो माझं मनगट धरतो. त्याचा हात गार आहे, आणि खूप जोर लावतो आहे.

"आनशे, गो आनशे, शेट बोलावतायत." बाहेर गडी हाका मारतो आहे.

मी उठून बसते. चटईशेजारी, सारवलेल्या भुईवर, कोळशाने काढलेला ळ आहे. दोन्ही वेटोळी पुरी झालेली. माझी बोटं काळी आहेत.

"येते," मी म्हणते.

हात धुवायला मोरीपर्यंत जाते. तांब्या उचलते, तसाच खाली ठेवते. पडवीत पोचेपर्यंत एवढंच घोकायचं: आधी त्याचं नाव सांगायचं. खिमलाल. मग सांगायचं, तो वाचत होता.