कोपरा फुटलेला उजेड

बन्सीला उजेड मारायची खोड शाळेपासूनची. वेरूळच्या शाळेत तिसरीला आम्ही दोघं एकाच तरटावर बसायचो. एक दिवस यानं भाकरीच्या डब्याचं झाकण खिडकीतल्या उन्हात धरलं आणि गुरुजींच्या टकलावर चांदोबा नाचवला. वर्ग खिदळला, गुरुजी वळले, आणि बन्सीसोबत मीही अंगठे धरून ओणवा! माझा गुन्हा एवढाच, की झाकण माझ्या डब्याचं होतं.

तर हा गडी पुढं त्याच खोडीवर तीस वर्षं पोट भरील, हे गुरुजींच्या स्वप्नातही आलं नसेल. तेव्हा लेण्यांच्या आत विजेचे दिवे नव्हते. बाहेर उन्हात आरसा धरायचा आणि आतल्या काळोखात, मूर्तीवर उजेड टाकायचा, हे बन्सीचं काम. बाकीचे उजेडवाले फट्‌दिशी मूर्तीच्या तोंडावर उजेड मारून मोकळे. बन्सीचं तसं नव्हतं. तो आधी पायांवर उजेड ठेवायचा, मग मुंगीच्या चालीनं वर न्यायचा. गुडघा, कंबर, हात, गळा. तोंडापर्यंत येईस्तोवर बघणाऱ्यांच्या अंगावर काटा. मी एकदा विचारलं, एवढा उशीर कशाला रे? तर म्हणे, "रामकिसन, तू अंधारात बसलायस अन्‌ कुनी एकदम तोंडावर बॅटरी मारली, तर शिव्या देशील का नाय? मग देवाला कशाला मारायची?"

आरसा मात्र त्याचा नव्हता. तो होता त्याच्या बायकोच्या, सरूबाईच्या माहेराहून आलेल्या कपाटाचा. "दोन दिवसांसाठी नेतो," म्हणून यानं तो कपाटातून उचकटला आणि पहिल्याच महिन्यात दगडी पायरीवर आपटून त्याचा वरचा कोपरा चार बोटं उडवला. तेव्हापासून कपाटाच्या दारावर आरशाच्या जागी कॅलेंडर लटकतं. दर जानेवारीला नवं कॅलेंडर लावताना सरूबाई तेच ऐकवते, "चाळीस वर्सं झाली, तारखांकडं बघून भांग पाडती मी."

पुढं लेण्यांत दिवे आले. आरसा खाटेखाली गेला, आणि बन्सीही थोडा खाटेखाली गेल्यासारखाच झाला.

आता माझ्या नातीचं सांगतो. आम्ही आता शहरात, औरंगपुऱ्यात मुलाकडं राहतो. नात संस्कृती इंजिनिअरिंगला आहे. तिच्यामुळं मला 'अंधारग्रह' नावाच्या नऊ भागांच्या मालिकेचं वेड लागलं. माणसं पृथ्वी सोडून एका दूरच्या ग्रहावर गेलीत. तिथं राखेचे ढग इतके दाट, की चारशे वर्षं जमिनीवर ऊन पडलेलं नाही. माणसं खडकात घरं कोरून राहतात. त्यांची पोरं ऊन हा शब्द शिकतात, पण ऊन म्हणजे काय ते एकालाही ठाऊक नाही. आणि नवव्या, शेवटच्या भागात ढग फाटणार! आठ भाग मी असे बघितले, की घरची माणसं मला जेवायला हाका मारून दमायची.

आणि गंमत बघा, त्या शेवटच्या भागाचं शूटिंग गेल्या हिवाळ्यात वेरूळच्या अलीकडं, एका जुन्या दगडखाणीत झालं. दिग्दर्शक बाईंना खाणीच्या पोटात खरं ऊन पाहिजे होतं. त्यांच्याकडं चंदेरी पत्रे होते, पण त्यांचा उजेड पसरट पडायचा. कुणीतरी बन्सीचं नाव सांगितलं. बन्सीनं खाटेखालून आरसा काढला, राखेनं घासला आणि गेला.

आत अंधारात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी. तिच्या तोंडावर पहिलं ऊन पडायचं, एवढाच प्रसंग. खूण झाली. बन्सीनं आरसा फिरवला आणि सवयीनं उजेड ठेवला तिच्या पायांवर! मुलगी दचकली, पाय मागं घेतला. बन्सी आपल्या चालीनं उजेड वर नेतच होता, तेवढ्यात आरडाओरडा. "बाबा, पाय काय दाखवताय? तोंडावर मारा ना!" मग कुणीतरी येऊन आरशाच्या फुटक्या कोपऱ्यावर काळी पट्टी ताणून चिकटवली, म्हणजे उजेड चौकोनी पडावा. पुढं तीन वेळा बन्सीनं थेट तोंडावर उजेड मारला. शाबासकी मिळाली. पण घरी आला तो तोंड पाडूनच.

"पयला मी नासवला," मला फोनवर म्हणाला. "पुढचे तीन काय, कुनीबी मारले असते. माझ्या हाताचा तेवढा पयलाच व्हता."

सरूबाई मागून ओरडली, "मंग आता तरी आरसा कपाटाला लावा!"

यानंही भरीला पडून कबूल केलं. त्याच्या हाताचा उजेड त्या भागात दिसला तर आरसा त्याच्याकडं, नाही तर औरंगपुऱ्यातल्या सुताराकडून कपाटाला बसवून घ्यायचा, अशी पैज.

शेवटचा भाग आला आणि त्या रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं आमच्याकडं हजर. बन्सीच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला आरसा. चहाला हात लावला नाही त्यानं. संस्कृतीनं पडदे ओढून खोलीत अंधार केला.

पाऊण तास आम्ही चौघं त्या ग्रहावरच होतो. मोठी माणसं खोकत होती, दिवे विझत होते. मग वर गडगडाट झाला. पडद्यावर नुसता काळोख. बन्सीनं माझं मनगट धरलं.

काळोखात दोन अनवाणी पाय उजळले.

मुलीनं पाय झटकन मागं घेतला. खाली बघितलं. मग हळूच अंगठा पुढं करून उजेडाला लावला, पाणी गरम आहे का बघावं तसा. उजेड वर चढायला लागला. गुडघा, परकर, हात. अगदी मुंगीच्या चालीनं. मी अख्खं आयुष्य शेतात उन्हात काढलं. पण ऊन मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

"आवं!" सरूबाई उभीच राहिली. "त्यो कोपरा बघा! त्यो माजा आरसा हाय!"

खरंच की! मुलीमागच्या खडकावर सरकणाऱ्या उजेडाचा वरचा कोपरा चार बोटं तुटलेला होता. म्हणजे पट्टी लावायच्या आधीचा. म्हणजे पहिलाच, नासवलेला! कुठं तो ग्रह, कुठं ती चारशे वर्षं, आणि तिथं उजेड पोचला तो सरूबाईच्या माहेरच्या कपाटातला!

संस्कृतीनं तेवढंच तीनदा मागं नेऊन दाखवलं. शेवटी पाट्या आल्या. शेकडो नावं वर सरकली, बन्सीचं त्यात नव्हतं. त्यानं तिकडं बघितलंही नाही. तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

जरा वेळानं म्हणाला, "सरू, चल सुताराकडं. मी जिंकलो, पर लावून टाकू कपाटाला. आता आनखी काय पाह्यजे मला?"

"सुतार कुठं पळून चाललाय?" सरूबाई म्हणाली. "आदी मला दावा. साऱ्या जगाला दावलं, मला कधी?"

"तू कधी आलीच नाय लेण्यात."

"भाकरी कोन थापत व्हतं मंग? तुमचे देव?"

बन्सी हसला. गोधडी सोडून आरसा घेतला आणि गॅलरीत उन्हात जाऊन उभा राहिला. संस्कृतीनं पडदा वीतभर सरकवला. सरूबाई भिंतीला टेकून उभी. तिच्या जोडव्यांवर उजेड आला, आणि काय सांगू, तिनंही पाय मागं घेतला! मग स्वतःच हसून पुढं केला. उजेड लुगड्याच्या काठावर चढला, तव्यानं पोळलेल्या मनगटावर थांबला, डोरल्यावर आला आणि हनुवटीखाली अडला.

"वर घ्या की," सरूबाई म्हणाली.

"डोळे मीट. दिपतील."

"नाय मिटत. चढू द्या."

संध्याकाळच्या एसटीत मी त्यांना बसवून दिलं. सुताराकडं कुणी गेलंच नाही. गोधडीतला आरसा या वेळी सरूबाईच्या मांडीवर होता, आणि बन्सीनं हात पुढं केला की ती त्याला हात लावू देत नव्हती.