टीव्हीवाला टेप

बिघडलेली वस्तू विकणारा माणूस ती चांगली आहे म्हणून आणाभाका घेतो. महिपतचं उलटं झालं होतं. वस्तू झकास चालत होती, आणि तरी ती का विकायची आहे हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं.

महिपत मूळचा साताऱ्याकडचा. मोहन्याच्या नाक्यावर त्याची पांढरी सुमो उभी असायची. अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीनंतर त्यानं दुबईहून परतलेल्या एका ओळखीच्याकडून टीव्हीवाला टेप घेतला आणि गाडीत बसवला. बटण दाबलं की टेपच्या पोटातून पोस्टकार्डाएवढा पडदा सरकत बाहेर यायचा, मान वर करायचा, आणि त्यावर सिनेमाची गाणी लागायची. मोहने-आंबिवलीत असं कुणाकडेच नव्हतं. लग्नसराईत लोक आधी महिपतची तारीख विचारायचे आणि मग भटजीची.

त्याच हंगामात एका संध्याकाळी तो वरात घेऊन आंबिवलीकडे निघाला होता. मागून नवरदेव ओरडला, "आवाज वाढवा, दादा!" महिपतनं आवाज वाढवला. पडद्यावर नटी नेमकी वळून हसत होती. ती हसली तेवढाच वेळ त्याची नजर रस्त्यावर नव्हती. पुढं धप्प आवाज झाला आणि काचेवर बोंबील येऊन आपटले.

शेवंती कोळीण रस्त्यात पडली होती. डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. महिपतनं वरात तिथंच उतरवली, म्हातारीला उचलून गाडीत घातलं, कल्याणला दवाखान्यात नेलं आणि रात्रभर बाकावर बसून राहिला. सकाळी पोलीस आला, तेव्हा त्यानं काही विचारायच्या आत शेवंतीच म्हणाली, "मीच मधी आयले, साहेब. डोक्यावर पाटी, मना गाडी दिसलीच न्हाय. या पोराला काय करू नका. दुसरा असता तर पलून गेला असता."

महिपतनं तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. पुढं ते उघडायची वेळ रोज येत राहिली आणि रोज जात राहिली.

पाय बरा झाल्यावर शेवंती पुन्हा पाटी घेऊन फिरू लागली, पण पूर्वीची राहिली नव्हती. प्रत्येक वळणावर थबकायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, "गाडी येतंय का रं?" कुणी हो-नाही म्हटल्याशिवाय रस्ता ओलांडायची नाही. महिपतच्या दारी मात्र न चुकता यायची, पाटीतला चांगला मासा त्याच्या बायकोच्या, हौसाबाईच्या ताटात टाकायची आणि पैसे काढले की रागवायची. "माज्या पोराचे घरी पैसं घेऊ?" हौसाबाई कौतुकानं कालवण करायची. महिपत मान खाली घालून जेवायचा. काटा लागतो म्हणून हळू खातो, असं तिला वाटायचं.

शेवटी त्यानं टेप काढून टाकला आणि गिऱ्हाईक शोधू लागला. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "का विकतोयस?" महिपत म्हणायचा, "असंच." असंच कोण विकतो? लोक पडदा खालीवर करून बघायचे आणि निघून जायचे.

एका रविवारी मानपाड्याहून दौलत आला. तोही ड्रायव्हर, कंपनीची गाडी सोडून नुकती स्वतःची घेतलेली. महिपतनं ओट्यावर बॅटरीला वायरी जोडून गाणं लावून दाखवलं. दौलतनं कान लावला, डोळे लावले, बोटानं पडदा टकटकवला.

"एकदम कडक हाय. मग फॉल्ट काय हाय, महिपतदादा?"

"फॉल्ट काय नाय."

"मग काय वहिनीला आवडत नाय? का चोरीचा हाय? आपल्यात बोल ना यार."

तेवढ्यात शेवंती आली. रोजच्यासारखं महिपतनं पुढं होऊन तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"ए पोरा, चोरीचा कोनाला बोलतंस? या मानसाचे शब्दावर डोले मिटून ने. यो खोटा बोलाचा न्हाय. मना इचार!"

दौलत हसला. "मावशी बोलली म्हणजे पक्कं. लावतो गाडीत."

"नको लावू," महिपत म्हणाला.

"आता काय झालं?"

"गाडी चालवताना नजर जाते."

"मी बंद ठेवीन ना."

"मीपण हेच ठरवलेलं." पाटी अजून त्याच्या हातात होती. ती त्यानं जमिनीवर ठेवली आणि पाटीकडेच बघत बोलला, "मावशी, तू मधे आली नव्हतीस. तू कडेनंच चाललेलीस. मी ह्याच्यात बघत होतो."

गाणं चालूच होतं. दौलतनं वायर ओढली. घरातून हौसाबाईचा आवाज आला, "म्हणजे इतके दिवस मी या बाईचा मासा फुकट रांधला?" पण ती बाहेर आली नाही.

शेवंतीनं गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग म्हणाली, "म्हंजे मना दिसतंय."

महिपतला कळलं नाही.

"घरान पोरं बोलतात, आये, तुला दिसत न्हाय, धंदा सोड. मी बी तेच समजले. रातचे दिव्याकडं बघत बसते, दिसतंय का न्हाय म्हनून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर महिपतला बरं वाटलं असतं. "मना दिसत व्हतं, बाबा."

पाटी डोक्यावर घ्यायला कोळणीला दुसऱ्याचा हात लागतो. महिपत वाकला. शेवंती त्याच्याकडं न बघता दौलतला म्हणाली, "तू हात लाव रं." कोपऱ्यावर ती सवयीनं थांबली, दोन्हीकडं पाहिलं आणि कुणालाही न विचारता पलीकडं गेली.

तो टेप शेवटी आंबिवलीच्या सखाराम न्हाव्यानं दुकानात लावायला नेला. महिपतनं एकच अट घातली, "पडदा तुझ्या पाठीमागं लाव. वस्तरा तुझ्या हातात असतो." गिऱ्हाइकं आरशात उलटी गाणी बघू लागली.

शेवंती पंधरवडाभर त्या गल्लीत आली नाही. मग एका सकाळी हाक ऐकू आली. हौसाबाईनं पाटी उतरवून घेतली. शेवंतीनं भाव सांगितला. हौसाबाई निमूटपणे पैसे मोजू लागली, तशी म्हातारी फिस्कारली, "भाव कर गो! मी काय दान मांगाला आयलेय?"

मग दोघींची घासाघीस चांगलीच रंगली. महिपत आतल्या खोलीत चहाचा कप हातात धरून बसला होता. पाटी उचलायला हात लावावा असं त्याच्या मनात आलं, पण हौसाबाईनं तो लावलाही होता. शेवंती वळणापलीकडं गेल्याचं हाकेवरून कळलं, तेव्हा कुठं तो बाहेर आला.