पुलापर्यंतचा सिनेमा

कौसाकाकू टीव्ही बंद करायच्या, तोही नेमका सिनेमा संपायला दहा मिनिटं उरलेली असताना. आता त्या नाहीत, म्हणून मोकळेपणानं सांगते: या एका सवयीपायी मी त्यांच्यावर जितकी चिडले, तितकी सासूवरही चिडले नाही. मंठ्यात आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही त्यांचा. रविवारी संध्याकाळी आम्ही झाडून सगळ्या आपापलं बस्कर घेऊन त्यांच्या बैठकीत हजर. दुसरा कुठलाही सिनेमा असला तर काकू आमच्याआधी पुढं सरकून बसत. पण तो जुना प्रेमाचा सिनेमा लागला आणि घर सोडून नायकाकडं निघालेली नायिका पुरात बुडत चाललेल्या पुलापाशी आली, की या बाई उठायच्या, खटकन बटण फिरवायच्या आणि पेटीची दारं लावून समोर उभ्या राहायच्या.

"बास! इथवरच बघावं. पुढं बघण्यासारखं काही न्हाई."

"अहो काकू, दहाच मिनिटं!"

"टीव्ही कुणाचा हाय?"

झालं, विषय संपला. माझं डोकं असं भणभणायचं की घरी गेल्यावर आईशी उगाच भांडण व्हायचं.

बरं, सिनेमा आवडत नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. भाकरी थापताना त्यातलीच गाणी. कुणाचं लग्न ठरलं की त्यातलाच दाखला. "असलं पिरेम आता राह्यलं न्हाई बाई," हे तर दिवसातून एकदा ठरलेलं. पुलापर्यंतचा सगळा सिनेमा त्यांना तोंडपाठ होता, आणि पुढचा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता! काकूंचं माहेर आष्टी. त्या लग्नाच्या होत्या तेव्हा तिथं तंबूतला सिनेमा आला होता. नायिकेनं पुलावर पाऊल टाकलं आणि जनरेटर बंद पडला. मालक म्हणाला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून स्वारी पुढच्या गावाला. मग शेवट कुणी ठरवला? आष्टीच्या बायकांनी, विहिरीवर धुणं धुता धुता. एवढा पूर, त्यात तो मोडका पूल, म्हणजे नायक-नायिका दोघंही मेली. सगळ्यांचं एकमत झालं. काकू तेव्हा पोटभर रडल्या आणि त्या दोघांना मरताना डोळ्यांनी बघायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. हे त्यांनीच मला सांगितलं, वर अभिमानानं.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण त्यांची शोभा माझी जिवलग मैत्रीण, आणि शोभाचं मन कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या नामदेववर बसलेलं. मुलगा निर्व्यसनी, मेहनती. त्याच्या घरी अजून मेंढरं होती आणि जात वेगळी, एवढाच काय तो अडसर. तो चुलत्याला घेऊन रीतसर विचारायला आला. शोभाच्या वडिलांचं मन वळण्यासारखं होतं. "तुझी पोरगी, तू ठरव," असं ते बायकोला म्हणाले. काकूंनी पाहुण्यांना चहा दिला, पोहे दिले आणि नकार दिला.

मी तावातावानं विचारायला गेले, तर म्हणतात कशा, "भावकीला सोडून गेलेल्याचं काय होतं, मी पाह्यलंय. ती दोघं बी अशीच गेल्ती ना पुलावर?"

"काकू, तुम्ही पाहिलेलंच नाहीये!"

"बघायला कशाला लागतंय? कळतंय की."

आता अशा माणसापुढं डोकं कुठं आपटायचं? तेवढ्यात कळलं, जालन्याच्या टॉकीजला तोच सिनेमा पुन्हा लागलाय. मी थोरल्या भावाच्या मागं लागून दुपारचा खेळ पाहिला. कोणी मरत नाही! नायक दोर टाकतो, भांडणारे दोन्ही बाप धावत येऊन तोच दोर ओढतात, आणि सनई-चौघड्यासकट लग्न लागतं. मी एसटीतून उतरले ती थेट काकूंच्या ओसरीवर.

"काकू, जगतात! दोघंही जगतात! लग्न होतं त्यांचं!"

काकूंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "शोभीनं शिकवून धाडलं काय तुला?"

"आईची शपथ!"

"शपथा नको खाऊ, मंगल. मैत्रिणीपायी माणूस काय बी बोलतंय."

शोभा तिथंच गहू निवडत बसली होती. "अगं, तू तरी बोल ना!" मी तिच्यावर खेकसले. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी काकूंपेक्षा मला तिचाच जास्त राग आला. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आष्टीत, भरपूर जमीन असलेल्या घरी. नवरा वाईट नव्हता. पण माहेरी आली की ती टीव्हीच्या खोलीत थांबायची नाही.

पुढं केबल आली, रिमोट आला. काकूंचा पाय मोडून त्या अंथरुणाला खिळल्या आणि शोभा त्यांचं करायला येऊन राहिली. एका दुपारी मी भेटायला गेले, तर तोच सिनेमा लागलेला. रिमोट माझ्या हातात होता. पूल आला.

"मंगल, बंद कर."

"नाही करत जा!"

उठता येईना, म्हणून काकूंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. पण सनई वाजायला लागली, तशी त्यांनी मान वळवली. वरमाला, अक्षता, सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "बदलला असंल. टीव्हीवाल्यांनी बदलला असंल. तव्हा बिलकुल मेल्ते दोघं."

"काकू, कोपरापासून हात जोडते तुम्हाला!" मी अक्षरशः किंचाळले.

शोभा दारात मेथी निवडत बसली होती. खाली बघतच म्हणाली, "बदलला न्हाई, आई. तव्हा बी असाच होता. मंगलच्या आधीच मी पाह्यला होता, जालन्याला."

"मंग तव्हा का न्हाई बोललीस? ही बोंबलून राह्यली होती, अन् तू गप!"

"कुणासंग पाह्यला, हे विचारलं असतंस."

काकूंनी माझ्यापुढं हात केला. मी रिमोट दिला. त्यांनी टीव्ही बंद केला नाही. सिनेमा संपला, जाहिराती लागल्या, आणि त्या जाहिरातीच बघत राहिल्या.