पापडवाल्या आजीचं सिंधमधलं घर

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एक सिंधी आजी पापड विकते. तिच्याकडून पापड आणणं एवढं एकच काम मला जमतं, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. परवा गेलो, तर आजी दोन्ही हातांत मोबाइल धरून बसलेली. व्हिडिओ कॉल चालू होता.

"थांबा भाऊ, माझा घर येतो आहे," ती म्हणाली.

फाळणीत आईचं बोट धरून आजी सिंधमधून निघाली, ती परत कधी गेलीच नाही. आता त्याच घरात राहणारी एक बाई तिला नेटवर सापडली होती. मी नेटवर आजवर फक्त पोट कमी करायचे उपाय शोधलेत.

पडद्यावर एक गल्ली सरकत गेली आणि जुना निळा दरवाजा उघडला. तिकडची बाई सिंधीत काहीतरी बोलली, बहुतेक 'आत या' असावं.

आजीने मोबाइल जराही न हलवता पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या. मी चपलांकडे बघितलं, तर ती म्हणाली,

"चप्पल घालून आत कसा जायचा? आई मारेल ना!"

मोज्याला भोक होतं, तरी मीही बूट काढले आणि तिच्या मागे उभा राहिलो.