वास घेतलेली फुलं

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यावर कसली टेकतेस पाहुण्यासारखी? आत्ता आलीस आणि लगेच डोळे घड्याळाकडे. मतिमंद माणसाचं जगणं कितपत बरं चाललंय ते मोजतात म्हणे तुमच्या अभ्यासात, आणि मावशीला विचारतेस, कसं मोजायचं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं असतं का ते? चहा घे आधी, निवतोय.

माझ्या वन्सं, म्हणजे तुझ्या काकांची थोरली बहीण. वय वाढलं, समज लहान मुलीची राहिली. मी लग्न होऊन या मळ्यात आले, त्या पहिल्या पहाटे कालव्यावरून धुकं आलेलं. गुलाबाचे वाफे दिसत नव्हते. त्या पांढऱ्यात नुसती एक पिवळी शाल हळूहळू सरकत होती. त्या वन्सं.

आमची फुलं पंचवटीत जायची, देवाला. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. वन्सं मात्र प्रत्येक फूल नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या. वाटायचं, त्या फुलातून कुठंतरी लांब जाऊन येतायत. आल्या की मग ते टोपलीत. सासूबाई रागावून दमल्या आणि शेवटी त्यांनी वन्संना निराळी टोपली दिली. त्यातली फुलं गजऱ्यावालीकडे जायची.

सासूबाई गेल्या तेव्हा नव्वदचं दशक सरत आलेलं. थोरल्या दिरांना घोर लागला. आपण सगळे रानात, ही एकटी विहिरीकडे गेली तर? शहरात अशा माणसांना ठेवून घेणारं एक घर होतं. तिथल्या बाई आल्या, आमच्यात चटईवर बसल्या. आमच्याकडे राहायला याल का, असं त्यांनी वन्संनाच विचारलं.

"हो."

दिरांचा जीव भांड्यात पडला. मग मी विचारलं, वन्सं, इथंच राहणार ना? तर तेही हो. तुझे काका म्हणाले, "अक्का, तुला आमदार करू का?" त्यालाही हो. सगळे हसले, वन्संही हसल्या. मी मात्र हसले नाही. ज्या जन्मात कुणाला नाही म्हणाल्या नाहीत, त्यांना विचारून काय कळणार?

महिनाभर ठेवून बघू, रुळली तर कायमची, असं ठरलं.

महिन्यानं दीर आणि मी गेलो. खोली लख्ख, अंगावर इस्त्रीचा गाऊन, केस चापून विंचरलेले, गालसुद्धा भरलेले. बाई म्हणाल्या, अजिबात त्रास नाही, जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. हे सगळं आपल्याच्यानं झालं असतं का, असं दिरांनी मला विचारलं. नसतं झालं, खोटं कशाला बोलू.

ओल्या फडक्यातून मी फुलं नेली होती. ती वन्संपुढं सोडली, शेजारी ताट ठेवलं. त्यांनी एक गुलाब उचलला, ताटात ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मोगराही तसाच. भराभर, नीट. नाकाकडे एकही गेला नाही.

"बघा, कशी शिस्तीत..." दीर म्हणायला लागले आणि थांबले. खिडकीतलं ऊन फरशीवर पसरलेलं. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं सगळं. दिरांनी एक फूल घेतलं, बहिणीच्या नाकाशी नेलं. वन्सं त्यांच्याकडे बघत राहिल्या. वास घ्यायचा की नाही, ते कुणी सांगेल म्हणून.

दिरांनी बराच वेळ नाक शिंकरलं. मग बाईंना म्हणाले, "हिला घरी नेतो. विहिरीला कठडा बांधून घेतो."

बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, इथली एक मुलगी यांचा हात सोडत नाही, तिला भेटायला तरी यांना आणत जा. म्हणून दीर दर गुरुवारी वन्संना स्कूटरवरून तिकडं न्यायला लागले. दोघी पायरीवर बसायच्या, बोलणं फारसं नाही. पण त्या दिवशी वन्सं सकाळपासून पायात चपला घालून तयार.

एका गुरुवारी झेंडू तोडणीला आला. दसरा तोंडावर, माणूस मिळेना. दीर म्हणाले, "अक्का, आज राहू दे का?"

"नाही."

सगळ्यांचे हात थांबले. वन्सं स्कूटरवर जाऊन बसल्या, तोंड फाटकाकडे करून. दिरांनी झेंडूचे हात धोतराला पुसले आणि किक मारली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही बघत होतो. तुझे काका म्हणाले, झाली गं अक्का आमदार.

आजही गुरुवारच आहे बघ, म्हणून त्या घरी नाहीत. नुसतं माझ्या तोंडून ऐकून जाऊ नकोस. राहायला ये, पहाटे त्यांच्या शेजारी वाफ्यात बस. आणि फार दिवस लावू नकोस, लवकर ये.